अण्णांचं नाव कुठल्या कार्डावर

अण्णा, म्हणजे आमचे वडील, पेणहून दादाकडून माझ्याकडे रोह्याला राहायला येऊन वर्ष झालेलं. एक दिवस अचानक त्यांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "तुमच्या रेशनकार्डावर यांचं नावच नाही. मोफत ऑपरेशन कसं होणार?"

मी दादाला फोन लावला. "तुमच्या कार्डावरून अण्णांचं नाव कमी केल्याचा दाखला कधीचा मागतोय मी! त्याशिवाय माझ्या कार्डावर नाव चढत नाही. आता काय करू?"

दादा म्हणाला, "दाखला नाय रे. मी अर्ज दिलाच नाय. त्यांचं नाव अजून आमच्याच कार्डावर हाय. कार्ड घेऊन निघतोच, त्यावर होईल ऑपरेशन."

"मग वर्षभर मला थापा मारत होतास?"

"अण्णांना तू नेलंस. म्हटलं, नाव तरी राहू दे माझ्याकडं."