देवबी झोपतो, मालक झोपंनात

मी मूळची शिरवळची. हायवेला लागून घर, बा कंपनीत वॉचमन, नळाला दोन टाइम पाणी, आन् मला दिली कुठं तर जतच्या पार कोपऱ्यातल्या वाडीवर, जिथं टँकर आला की लोक पाव्हणा आल्यावानी उठून उभं ऱ्हात्यात. मी रडले न्हाई, भांडले. बा म्हणला, पोरगा शांत हाय गं. शांत मंजी किती, काय सांगू ताई तुमास्नी, दिसाला चार शब्द, त्यातलं तीन मेंढरांना. बिराप्पा त्यांचं नाव, मी मालक म्हणती. सासू कानडीतनं शिव्या द्यायची, मी मराठीतनं, आन् मालक मधी बसून गुमान भाकरी खायचं.

तर त्या भादव्यात एक दिस खाता खाता म्हणलं, पारू, तुज्या हातची भाकरी मंजी भाकरी हाय बग. तेरा वर्सांत पयल्यांदा! मी लाजले, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिशी केसात अबोली माळली. हितंच चुकलं माजं. कारण एकदा उघडलेलं तोंड मिटंनाच. एक गोष्ट सरायच्या आत दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. घोंगड्यांचा कारखाना काढायचा, त्याच्यावर हाटेल, त्याच्यावर इमान उतरायची जागा. कारखान्याला लोकर पायजे म्हणून मेंढरं कातराय बसलं, आमची सरली तशी भावकीची धरली, न इचारता, आन् निम्मं मेंढरू झालं की नवीन काय तरी डोक्यात यायचं, मंग ते सोडून दुसरं. अख्ख्या माळावर निम्मी कातरलेली मेंढरं, एका अंगानं मेंढरू आन् दुसऱ्या अंगानं शेळी. कुणी अडवलं की अंगावर धावून जायचं, ज्या माणसानं कवा मुंगी दुखावली न्हाई त्यानं. चार दिस डोळ्याला डोळा न्हाई, तरी दमणूक म्हणून न्हाई, उलट जास्तच ताजं.

आता आमच्यात काय हाय, जत्रंला देवाचा माणूस पावसापाण्याचं सांगतो, त्याला भाकणूक म्हणत्यात. वाडीला वाटलं, आमचा देव बिरोबा ह्यांच्या अंगात आलाय. इचारलं, पाऊस कवा? मालक म्हणलं, बेस्तरवारी. आन् पडला की हो बेस्तरवारी शिंतोडा! झालं, दारात नारळाचा ढीग. आवं, माजा गुडघा बी दोन दिस आधीपासनं त्येच सांगत व्हता, पर माज्या गुडघ्याला कुणी नारळ फोडला का?

सासूला लय गोड वाटलं, देवाची आय झाली ना ती. मला बी हसू यायचं, खरं सांगती. पर शुक्कारी मालक कोरड्या हिरीच्या काठावर जाऊन उभं, म्हणत्यात, मी उडी टाकली की पाणी वर येतंय. खाली नुसता खडक. आन् लोक हात जोडून उभं! मी मागनं जाऊन सदरा धरला, दोघं बी मागं आदळलो. तवा मातूर हसू गेलं माजं. वाडीच्या औषिदपाण्याचं बगणाऱ्या आशाताई दोन दिस झालं म्हणतच व्हत्या, पारूवहिनी, ही लक्षणं मनाच्या आजाराची हाईत, सांगलीला न्ह्या. जीप बोलावली.

तर शिदूतात्या आडवं. देवळाचं पुजारी, पिकलेलं माणूस. म्हणलं, देवाला दवाखान्यात न्हेतीस? कोप हुईल, वाडी बुडंल. मला राग लय लवकर येतो, ताई. म्हणलं, आवं तात्या, देव झोपतो का न्हाई? ते म्हणलं, झोपतो की, आषाढी एकादशीला झोपतो तो कार्तिकीला उठतो. म्हणलं, मंग आता चालू हाय भादवा, समदं देव झोपल्यात, तर ह्यांच्या अंगात आलंय कोण? देवबी चार महिनं झोप घेतो आन् माजा नवरा चार दिस झोपला न्हाई. तुमचा देव देवळात हाय तात्या, मला माजा नवरा पायजे. आन् रडले बगा मी तिथं, समद्यांफुडं.

तात्यांनी पटका सारखा केला आन् मालकाचा हात धरून सोता जीपमधी बसलं. वाटभर मालक डायव्हरला गाडी कशी चालवायची ते शिकवत व्हतं.

डॉक्टरीण बाईंना मालकानं कलेक्टर करायचा शबूद दिला. त्या न हसता समदं ऐकून घेऊन मला म्हणल्या, ह्याला बायपोलर म्हणत्यात, मन कवा लय चढतं, कवा पार बसतं. तवा उमगलं, आदल्या साली दोन महिनं भितीकडं तोंड करून पडून व्हतं, त्याला मी आळशी म्हणून बोल लावला व्हता. लय वंगाळ वाटलं. मालकाला ठिवून घेतलं, गोळ्या चालू झाल्या, अधनंमधनं रगत तपासायचं. बरं वाटतंय म्हणून मनानं गोळी सोडायची न्हाई, ह्ये बाईंनी तात्याला बी बजावलं. आता तात्याच रोज इचारत्यात, बिराप्पा, गोळी घेतलीस का रं? अंगारा इचारल्यावानी.

आता मला कळतं. झोप घटली, जीभ पळाय लागली, मोठाली बेतं सुरू झाली की मी लगी बाईंना फोन लावती. मालक पुन्यांदा चार शब्दांवर आल्यात.

आन् परवा काय झालं, घास तोडला आन् म्हणलं, भाकरी चांगली झालीया. मी लगी फोन हातात घेऊन उभी, आता इमान येतंय का हाटेल. तर मालकानं हात धुतला, लिंबाखाली घोंगडं टाकलं आन् आडवं झालं. मी चुलीपुढनं बगतीया. घटकाभरानं असं घोरलं, असं घोरलं, की बांधलेलं कोकरू बिचकलं.

तवा कुठं फोन खाली ठिवला. म्हणलं, मंजी भाकरी खरंच चांगली झाली व्हती. बसा ताई, तुमी बी खाऊन जावा. आन् घोरू द्या त्यास्नी, बिरोबा समद्यांच्या घरात असंच घोरणं देवो.