पुलाखालच्या बोटीला निरोप

सन्माननीय अध्यक्ष, अधीक्षक अभियंता श्री. कमलाकांत रेगे साहेब. व्यासपीठावरचे सर्व पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती आणि त्यांच्या पत्नी हिराबाई. कालवा उपविभागातले माझे जुने सहकारी. आणि इतक्या खुर्च्या रिकाम्या असताना मागे भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या वाणगावकडच्या माझ्या मैत्रिणींनो,

मी हंसा सावे. याच उपविभागातली निवृत्त लघुलेखिका. नोकरीभर दुसऱ्यांची वाक्यं लिहून घेतली, आज चार माझी बोलणार आहे. संयोजकांनी मघाशी कानात सांगितलं, "बाई, समारंभ आहे, गोड बोला." मी वसईच्या कॉन्व्हेंटात शिकले. तिथे सिस्टर आम्हाला काटा कुठल्या हातात धरायचा ते शिकवत, पाठ ताठ ठेवायला शिकवत. गोड बोलायचा तास नव्हता.

निमंत्रण पत्रिकेवर 'श्री. जीवन तामोरे यांचा सेवानिवृत्तीनिमित्त सत्कार' असं छापलं आहे. कोण हे गृहस्थ? मी तरी ओळखत नाही. मी ओळखते तो जिव्या, तारापूरच्या किनाऱ्यावरचा, आपल्या कालव्यावरच्या लोखंडी बोटीचा तांडेल. ती बोट त्याने चालवली आणि तिने त्याला चालवलं. त्याच्याबद्दल बोलायचं तर तिच्याबद्दल बोलावं लागेल, आणि तिच्याबद्दल बोलणं या व्यासपीठावर कुणालाच सोयीचं नाही. पण मला माइक दिलात. आता घ्या.

१९७८ साली ती ट्रकवरून आली. पोलादी, बसकी, पुढे गाळ आणि जलपर्णी ओढायचं दाताळं, मागे इंजिनावर लोखंडी केबिन. कागदावर तिचं नाव 'कार्यनौका'. जिव्याने पहिल्याच आठवड्यात तिच्यावर पांढऱ्या रंगात 'हिरा' असं लिहिलं. हिराबाई, लाजू नका, सगळ्या ऑफिसला माहीत आहे. त्याच्या गावची माणसं पाहायला आली होती. सगळ्यांच्या होड्या लाकडाच्या. एकाने विचारलंच, "काय रं जिव्या, ही लोखंडाची तरवायला आनली का बुडवायला?" जिव्या म्हणाला, "तुमच्या होडीला दरसाल तेल पाजावा लागते. माझी बाय एका रंगावर खूश हाय. घरवालीपरीस स्वस्त!" हिराबाई तिथेच उभ्या होत्या. पुढचं मी सांगत नाही.

किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात. आपला कालवा श्रावणात बंद. बोट तळाच्या चिखलात बसलेली. म्हणून जिव्याने स्वतःची पौर्णिमा ठरवली: हिवाळ्यात कालव्याला पाणी सोडतात तो दिवस. पहिलं पाणी आलं की हळदकुंकू लावलेला नारळ तो बोटीवरून सोडायचा. मीही हसले होते. कालव्याला कसला नारळ?

तो नारळ वाहत वाहत कालव्याच्या शेपटाला, वाणगावकडच्या पाड्यावर पोचायचा. तिथे मंगळी वाट बघत असायची. मंगळी, हात वर कर. ती पाहा. हिची अर्धी जमीन कालव्यात गेली आणि उरलेल्या अर्ध्या जमिनीला बारमाही पाणी देऊ असा शब्द सरकारने दिला. ती नारळ काढून घ्यायची, फोडायची आणि बोट गाळ काढत खाली गेली की अर्धी वाटी जिव्याच्या हातावर ठेवायची. मी एकदा तिला विचारलं होतं, पाणी सुटल्याचं तुम्हाला कळवतं कोण? म्हणाली, "कोन कलवनार? सायबांचा पानी निंगाला का नाय, तो आमी नारलालाच इचारतो."

ती वर्षं बरी होती. मंगळीच्या शेतात उन्हाळ्यात मिरची उभी राहिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती कामासाठी गाव न सोडता घरी थांबायची. पाड्यावरची कितीतरी माणसं घरी थांबायची.

मग १९८४ला कालव्यावर पूल झाला. कारखान्यांच्या ट्रकांना फेरा पडत होता. पूल पाहिजेच होता, कोण नाही म्हणतंय? पण त्याखालून बोट जाईल का, असं जिव्याने विचारलं, आणि आपल्या विद्वान खात्याने ते मोजून पाहिलं. टेप लावून, व्यवस्थित. मे महिन्यात. कोरड्या कालव्यात, तळाला बसलेली बोट मोजली! जाते म्हणाले. जात होतीच हो. पण पाणी आल्यावर बोट वर येते, हे सांगायला आता काय वेगळा अधिकारी नेमायचा?

हिवाळ्यात पाणी सोडलं आणि केबिन पुलाच्या स्लॅबला थडकली. पाणी असलं की बोट पुलाखालून जात नाही, आणि जाते तेव्हा पाणी नसतं. जिव्या म्हणाला, केबिन कापू या. त्याला यांत्रिकी विभागाची मंजुरी लागते. ती अजून यायची आहे.

आणि आमची बोट वरचाच तुकडा दरवर्षी साफ करत राहिली. तो इतका स्वच्छ की पाहुणे आले की तिथेच नेत. पुलापासून खाली जलपर्णी माजली. त्या वर्षी मंगळी ऑफिसात आली. "बाय, औंदा नारल नाय सोडला?" मी म्हटलं, सोडला. "मंग गेला कुठं?" जिव्या दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला. नारळ पुलाखाली जलपर्णीत कुजला होता.

किनाऱ्यावर होडी वर काढायची तर सगळं गाव दोराला लागतं, त्याला आमंत्रण लागत नाही. १९८८च्या मे महिन्यात जिव्याने तेच केलं. कोरड्या कालव्यात ओंडके टाकले, किनाऱ्यावरून दोर आणले. त्याची माणसं आली, मंगळीचा सगळा पाडा आला. मी रजा टाकून गेले होते. कोळणी वारली बायांना ओरडत होत्या, "कंबर लाव गो, नुसती हातांनी काय वढतेस!" आणि मंगळी त्यांना, "तुमी मासं खाऊन वढता, आमी आंबिलीवर!" हसत हसत ते पोलाद सरकत होतं. दुपारपर्यंत केबिनकडची अर्धी बोट पुलाखाली गेली.

तेवढ्यात जीप आली. अध्यक्ष महोदय, जीपमधून आपण उतरलात. तेव्हा आपण उपअभियंता होतात. "कोणाच्या परवानगीने? कोणाचा पाय मोडला तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त होता. जिव्या हात जोडून म्हणाला, "सायब, आर्धी गेली, आर्धी रेली. पुडं न्यू द्या, नायतर मागं तरी न्यू द्या. अशी नका ठेवू." आपण म्हणालात, "वरून आदेश येईपर्यंत जैसे थे."

दोर खाली पडले. माणसं घरी गेली.

आदेश आला नाही, पाणी आलं. बोट तरंगली आणि स्लॅबखाली अशी घट्ट बसली की बाटलीला बूच. वरचं पाणी काठावरून फुटलं, खाली जे थेंबभर जात होतं तेही थांबलं. जिव्याने त्याही वर्षी नारळ सोडला. तो वाहत गेला आणि बोटीलाच, 'हिरा' लिहिलं होतं तिथे, येऊन टेकला. त्यानंतर त्याने नारळ सोडला नाही. पुढे कालव्याचा खालचा भाग 'तांत्रिक कारणास्तव' कायमचा बंद झाला.

आज १९९४. बोट भंगारात गेली. उद्या सकाळी तिथेच, पुलाखाली, गॅसने तिचे तुकडे करणार आहेत. म्हणजे कालवा मोकळा होईल, असं कुणाला वाटलं असेल तर मी काल चालत जाऊन पाहून आले. खाली कालवा उरलेलाच नाही. काठ ढासळलेत, तळाला बाभळी वाढल्यात. मंगळीची मिरचीची जागा तडकून पडली आहे. दिवाळी झाली की ती विटभट्टीवर जाते. पाड्याच्या दारांना काट्या लावलेल्या असतात. अध्यक्षांकडे काही मागावं म्हणून मी हे बोलत नाही. मागून झालं. "पाहू" हे उत्तर मी लघुलिपीत कितीदा लिहिलं आहे, त्याची खूण एका टिंबाएवढी असते.

जिव्या, नोकरी इमानाने केलीस. त्याचा उपयोग झाला असता तर मला हे भाषण गोड करता आलं असतं.

माझं बोलणं कुणाला टोचलं असेल तर वयाकडे बघून सोडून द्या. ज्यांना टोचलं नाही त्यांनी मात्र मला क्षमा करू नये. संयोजकांचे आभार, बाहेर ताटकळलेल्या चहावाल्याचेही आभार. आता अध्यक्ष साहेब आपल्या हस्ते जिव्याला शाल आणि श्रीफळ देतील.

जिव्या, शाल घे. नारळ हिराबाईंकडे दे, त्या घरी फोडतील. कालव्यात सोडू नकोस. घ्यायला खाली कुणी नाही.