अर्धी लादी

बर्फाच्या कारखान्यापुढच्या रांगेत बहीण-भावाची जुंपली, तसे लाद्या कापणाऱ्या बर्फवाल्याने कान टवकारले.

"अर्धीच लादी? ताई, खडकांमधल्या खिंडीत पिवळ्या माशांचा थवा जमलाय. होडी भरून येईल!"

"जमणारच. पौर्णिमेला तिथेच अंडी घालतात ते. काल एकाचं पोट चिरलं, तर आत नुसती गाबोळी."

"मग भाव दुप्पट!"

"आणि पुढच्या वर्षी काय धरशील? खडक? अंडी पाण्यात पडू देत, मग धर की."

"आपण सोडले म्हणून बाकीचे सोडतील होय?"

"म्हणूनच जातेय. खिंड अरुंद आहे. होडी आडवी लावते आणि नांगर टाकते. जाळं टाकायला जागाच उरणार नाही."

"वेड लागलंय तुला! सगळे शिव्या घालतील."

"घालू देत. पौर्णिमा सरेपर्यंत मी हलत नाही."

"मग बर्फ कशाला?"

"दूध-भाजी टिकायला. एकटीला अर्धी पुरे."

"आणि तुझा डोळा लागला नि कुणी नांगराचा दोर कापला तर?"

"जागी राहीन."

"रोज रात्री?"

"रोज रात्री."

बर्फवाल्याने लादीच्या मधोमध करवत टेकवली, तसा भाऊ पुढे झाला.

"थांबा मामा, कापू नका. अख्खीच द्या. दोघं आहोत."