दोन दारांवर एकच पाटी

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. समोर पाणीखात्याचे साहेब आणि त्यांची आत्या यांची जुंपली होती, त्यामुळे बाईंना ठणक्याचा विसर पडला होता.

“आमच्या दारावर पाटी तू लावलीस?”

“सगळ्यांच्याच लावल्या, आत्या. ‘तुमचे शेजारी तुमच्यापेक्षा कमी पाणी वापरतात.’ परदेशात लोक हे वाचून ओशाळतात आणि पाणी जपून वापरतात.”

“मी नाही ओशाळले. तडक शेजारी, तुझ्या काकूच्या दारात जाऊन उभी राहिले.”

“पण काका गेल्यापासून तुम्ही दोघी बोलत नव्हतात ना?”

“भांडायचं तर बोलावंच लागतं. बघते तर तिच्याही दारावर तेच लिहिलेलं!”

“पाट्या एकदमच छापल्या होत्या.”

“मग दोघींनी मिळून तुझा उद्धार केला. तेव्हापासून ती रोज येते.”

“आणि पाणी?”

“वाढलं. चहाची भांडी काय कोरडीच घासू?”

“मग पाटी उद्याच काढतो.”

एवढ्यात आतलं दार उघडलं. काकू तोंडात कापसाचा बोळा धरून बाहेर आल्या, आणि पुतण्याचं बोलणं कानावर पडताच जोरजोरात हात हलवू लागल्या.

“तिला आत्ता बोलता यायचं नाही,” आत्या उठत म्हणाल्या. “काढू नकोस म्हणतेय.”