चंद्राक्काची पिशवी

मंडळी, ऐका! आज देवळाच्या पायरीवर एका गृहस्थांनी मला अडवलं. म्हणाले, "बुवा, मशीन आता पत्रं लिहितं, गणितं सोडवतं, वर सल्लाही देतं. माणसाएवढी अक्कल त्याला येईल का हो?" म्हटलं, प्रश्न मोठा आहे आणि माझी बुद्धी बेताची! एक गोष्ट सांगतो, तुम्हीच ठरवा.

करंजवणे गावचे दामोदर शिर्के. धाकटी लेक केतकी, तिची हळद. घरची रीत अशी, की हळद जात्यावर दळायची आणि जात्याला पहिला हात नवरीच्या आत्याचा. आत्या म्हणजे दामूची थोरली बहीण, चंद्राक्का. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच दामूला कडेवर घेऊन वाढवलं. तर त्या सकाळी आक्का गेली अंघोळीला, आणि दामूला झाली घाई! मेव्हणीला म्हणाला, तुम्हीच फिरवा. फिरलं की जातं!

आक्का न्हाऊन आली. घरघर ऐकली. आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. लोटून घेतलं बरं का – कडी नाही घातली! बायकांनो, हसताय? तुम्हाला कळलं. दामूला नाही कळलं!

केतकीने ऐकलं मात्र, ती पाटावरून उठली. आत्या आल्याशिवाय हळद लागणार नाही म्हणाली. दामूच्या जिवाचं पाणी झालं. थोरले जावई पुण्याचे, हुशार. त्यांनी मोबाइल काढला, मशीनला विचारलं, बहीण रुसली आहे, काय करावं? मशीनने लगेच सांगितलं – त्यांना थोडा वेळ द्या, एकटं राहू द्या, मग शांतपणे माफी मागा. माफीही लिहून दिली. दामूने ती तोंडपाठ केली!

आता सांगा, रुसलेल्या आत्याला कुणी एकटं सोडतं का? आत आक्का खोकली. बांगड्या वाजवल्या. एक तांब्या मुद्दाम पाडला. बाहेर दामू सगळ्यांना सांगतोय, कुणी जाऊ नका, तिला वेळ द्यायचाय!

शेवटी आक्का पिशवी घेऊन निघाली. भर मांडवातून, सगळ्यांच्या समोरून, अगदी सावकाश. गेली ती थेट एसटीच्या थांब्यावर.

मग मात्र दामू पळाला. थांब्यावर पोचतो तर समोरून एसटी आली, आणि निघूनही गेली. आक्काने हात केलाच नव्हता! धापा टाकत त्याने पाठ केलेलं सुरू केलं, "माझ्या वागण्यामुळे आपल्या भावना दुखावल्या असतील, तर मी मनःपूर्वक..."

"आपल्या?" आक्का म्हणाली. "मी कोण रे तुझी, मामलेदार?"

दामूचं पाठांतर तिथेच संपलं. उगीच हाताला काम म्हणून त्याने पिशवी उचलली, आणि ती झटक्यात वर आली. पिशवी रिकामी होती, मंडळी! एक लुगडंसुद्धा नाही आत! आक्का गावाला निघालीच नव्हती. ती नुसती वाट बघत होती.

दामूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काय म्हणाला असेल तो? 'आक्का, ही रिकामी आहे' म्हणाला? छे! त्याने पिशवी दोन्ही हातांनी धरली, कमरेत वाकला आणि कण्हत म्हणाला, "आक्का, काय दगड भरलेस गं यात? माझे हात भरून आले."

आक्काने त्याच्याकडे बघितलं. तिला कळलं, की याला कळलंय. पदर तोंडाला लावून ती हसली आणि म्हणाली, "नीट उचल. लहानपणी तू याहून जड होतास."

घरी आली. दळलेली हळद बाजूला सारली, जात्यात नवीन मूठ घातली, आणि अशी ओवी धरली की आचारीसुद्धा झारा टाकून ऐकायला आले. केतकी पिवळीधमक झाली, आणि पिशवी दामूने संध्याकाळपर्यंत खांद्यावरून उतरवली नाही.

मशीनचे शब्द चुकीचे नव्हते हो. उद्या ते आणखी शहाणं होईल, माझी हरकत नाही. पण रिकाम्या पिशवीने हात भरून यायचे, तर त्याला कुणीतरी कधीतरी कडेवर घेतलेलं असावं लागतं.

आता माझा प्रश्न तुम्हाला! मशीनच्या अकलेचं मशीन बघेल. तुमच्या घरी दार लोटून कोण बसलंय? मुखाने एकदा हरी म्हणा, आरती घ्या, आणि आज प्रसादाला रेंगाळू नका. घरी जा आणि दार ढकला. कडी घातलेली नाही.