एकतीस वर्षांपूर्वीचा चंद्र

हरिभाऊ : तुझ्या भावाचं, कौस्तुभचं लग्न यंदा झालं, म्हणजे साल दोन हजार एक. आता तुझ्या कॉम्प्युटरवरचं ते आकाश एकतीस वर्षं मागं ने.

हेमांगी : एकोणीसशे सत्तर. महिना, आबा?

हरिभाऊ : फेब्रुवारी, चोवीस तारीख. संध्याकाळचे साडेसात. गाव वटार.

हेमांगी : वटार कुठून असणार या आकाशाच्या सीडीत! मुंबई टाकते. तेवढ्याने काही चंद्र हलत नाही. पण ही तारीख कसली?

हरिभाऊ : तुझी विनिताआत्या बावखलात, आपल्या वाडीतल्या तळ्यात बुडाली ती. पाच वर्षांची होती. आपला गडी इग्नेशियस तिथेच, दहा हातांवर केळीला पाणी लावत होता. म्हणे, काळोख होता, पोर दिसली नाही. कसला काळोख? मी तिला पाण्यातून वर काढली तेव्हा तिच्या तोंडावर चांदणं होतं! प्यायला असणार. गावात पुन्हा कोणी त्याला कामाला ठेवला नाही, मी ठेवू दिला नाही.

सावित्री : हेमा, बंद कर ते. चहा निवतोय.

हरिभाऊ : थांब गो. दाखव पोरी, चंद्र कुठे आहे?

हेमांगी : नाहीये, आबा. नुसत्या चांदण्या आहेत.

हरिभाऊ : ढगाआड असेल.

हेमांगी : यात ढग नसतात हो. वेळ पुढे नेते. आठ... साडेआठ... नऊ... हा बघा, आत्ता उगवतोय. सव्वानऊ.

हरिभाऊ : तुझी सीडी चुकते.

सावित्री : चुकत नाही. अंगारकी होती त्या दिवशी. सकाळपासून उपाशी होते मी, चंद्राची वाट बघत. तुम्ही दोन तास पोरीला शोधत होतात. सापडली तेव्हा तो वर आला होता.

हरिभाऊ : तुला हे तेव्हापासून ठाऊक? आणि गप्प बसलीस?

सावित्री : पूजेला दूर्वा कमी पडल्या. बावखलाच्या काठावर आहेत, पटकन घेऊन ये, असं विनिताला मीच सांगितलं होतं. चंद्राचं बोलले असते तर तुम्ही विचारलं असतंत, एवढ्या काळोखात पोर तिथे गेली कशाला.

हेमांगी : आजी...

हरिभाऊ : माझी चप्पल दे. वालीवला राहतो ना तो? आत्ता जातो. पाय धरतो त्याचे.

सावित्री : दीड वर्षापूर्वी त्याचा मार्सेल आला होता आपल्या ओट्यावर. दारुड्याचा पोर म्हणून तुम्ही हाकललंत. काय सांगायला आला, तेही ऐकलं नाहीत. मीच मागून जाऊन त्याला विचारलं.

हरिभाऊ : काय सांगायला आला होता?

सावित्री : इग्नेशियस वारला. एकोणीसशे नव्याण्णव साली, नाताळच्या आदल्या रविवारी.