शुक्रवारचं चर्च

अमिरातीत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची, तेव्हाची गोष्ट. शारजाहून दुबईला निघालेली आमची मिनीबस जॅममध्ये अडकली होती. पुढच्या सीटवर एकाच ऑफिसातले दोघे मराठीत बोलत होते.

"भालेराव, खरं सांगा. कॅनडाचं झालं ना तुमचं?"

"नाही हो, उपेंद्र. मी अर्जच केला नाही."

"मग गुणगुणताय कसले? नोकरकपातीच्या बातमीने अख्खं ऑफिस टेन्शनमध्ये आहे. आणि दर शुक्रवारी गायब कुठे होता? इंटरव्ह्यू देता ना?"

"चर्चला जातो."

"पकडलं! चर्च रविवारी असतं."

"इथे रविवारी ऑफिस असतं. म्हणून आमची उपासना शुक्रवारी."

"बरं. तिथे मागता काय? प्रमोशन?"

"प्रभूकडे आजची भाकर मागतो. उद्याची उद्या मागायची."

"म्हणजे उद्याची सोय कुठेतरी लागलीय! काल साहेबांच्या केबिनमधून हसत बाहेर आलात, मी पाहिलं. काय दिलं त्यांनी?"

"नोटीस. या महिन्यानंतर खलास."

"आणि तुम्ही हसत होतात?"

"आधी ती दोनदा वाचली. मग मनातल्या मनात प्रार्थना केली आणि आठवलं, आजची भाकर डब्यात आहेच की."

"भालेराव... माझ्याबद्दल काही बोलले का साहेब?"

"या शुक्रवारी येता का माझ्याबरोबर?"

"म्हणजे बोलले!"